हजरत उमर (रजि.) : रात्रीची गस्त, सकाळचा हुकूम

वाचकहो, हजरत उमर फारूक (रजि.) यांचे नाव निघाले की, पाठीवर पिठाचे पोते घेऊन अंधारात चाललेला खलीफा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. जुम्याच्या बयानात, मदरशाच्या वर्गात, घरी दादी-नानीच्या तोंडून हा प्रसंग आपण इतक्यांदा ऐकला आहे की तो आपल्याला पाठ झाला आहे. आणि पाठ झालेल्या गोष्टीवर माणूस सहसा विचार करीत नाही. ते पोते आले कोठून, हा साधा प्रश्नही मग आपल्याला पडत नाही. ते हजरत उमर (रजि.) यांच्या घरातून आले नव्हते. मदीनेत त्यांनी एक कोठार उभारले होते, दारुद्दकीक, म्हणजे पिठाचे घर. त्यात पीठ, सत्तू, खजूर, मनुका आणि गरजेच्या इतर वस्तू साठवलेल्या असत. वाटेत ज्याचा शिधा संपला असा प्रवासी, शहरात ज्याचे कोणी नाही असा पाहुणा, यांच्यासाठी ते कोठार होते. मक्का आणि मदीना यांच्या दरम्यानच्या रस्त्यावरही अडकलेल्या वाटसरूंसाठी त्यांनी अशीच सोय केली होती. पोते पाठीवर येण्याआधी ते कोठारात येऊन पडलेले होते, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

हजरत उमर (रजि.) यांचा जन्म हत्तीच्या वर्षानंतर सुमारे १३ वर्षांनी मक्केत, कुरैशच्या बनू अदी शाखेत झाला. वडील खत्ताब कठोर स्वभावाचे होते. मक्केजवळच्या दजनानच्या माळावर मुलगा त्यांचे उंट चारी. अंगावर लोकरीचा जाडाभरडा सदरा असे, आणि दमून काम थांबले तर मार बसे. पुढे खिलाफतीच्या काळात त्याच माळावरून जाताना त्यांना ते दिवस आठवले आणि सोबतच्यांना त्यांनी ते सांगितले. कबिल्या-कबिल्यांतील वाटाघाटीसाठी कुरैशचा दूत म्हणून जाण्याचे काम बनू अदीकडे असे. लिहितावाचता येणारी माणसे त्या शहरात बोटांवर मोजण्याइतकी होती; त्यांत हजरत उमर (रजि.) होते. इस्लामला त्यांनी आरंभी केलेला कडवा विरोध, बहीण फातिमा (रजि.) यांच्या घरी घडलेला प्रसंग आणि नुबुव्वतीच्या सुमारे सहाव्या वर्षी त्यांनी केलेला इस्लामचा स्वीकार हे सर्व आपल्याला माहीत आहे; त्याची उजळणी येथे करीत नाही.

मदीनेतील दिवसांकडे मात्र नीट पाहावे लागेल, कारण शहर कसे वसवावे याचा धडा त्यांनी तेथे घेतला. घरदार सोडून आलेल्या मुहाजिरांसाठी आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी गावाबाहेर छावणी उभारली नाही. एकेका मुहाजिराचे एकेका अन्सारीशी भावाचे नाते जोडून दिले. ज्यांना तेवढेही जमले नाही, ज्यांना ना घर होते ना कुटुंब, ते मस्जिदे नबवीच्या सुफ्फ्यावर राहात. त्यांच्या जेवणाची जबाबदारी शहरातील घरांवर होती : ज्याच्याकडे दोघांपुरते अन्न आहे त्याने तिसऱ्याला घेऊन जावे, अशी पैगंबरांची (स.) शिकवण होती. बेघर माणसाची जागा शहराच्या मध्यभागी, मशिदीच्या छपराखाली होती. स्वतः हजरत उमर (रजि.) मदीनेच्या वरच्या भागात राहात. एका अन्सारी शेजाऱ्याशी त्यांनी पाळी ठरवून घेतली होती : एक दिवस शेजाऱ्याने पैगंबरांच्या (स.) मजलिसीत जावे आणि परतल्यावर सर्व सांगावे, दुसऱ्या दिवशी हजरत उमर (रजि.) यांनी जावे. पुढे एवढ्या मोठ्या राज्याच्या खबरा ठेवणाऱ्या माणसाची सुरुवात अशी शेजाऱ्यापासून झाली.

हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या खिलाफतीत त्यांच्याकडे मदीनेचा न्यायनिवाडा सोपवण्यात आला. इतिहासकार नोंदवतात की वर्षभरात त्यांच्यापुढे दोन माणसे भांडत आली नाहीत. याचा अर्थ मदीनेत मतभेद नव्हते असा नाही. माणसेच होती ती. व्यवहार होते, शेतीचे पाणी होते, नातीगोती होती. पण तंटा घराघरांत, मोहल्ल्यात, वडीलधाऱ्यांच्या मध्यस्थीने मिटत होता आणि काजीच्या दारापर्यंत पोहोचत नव्हता. पुढे खलीफा झाल्यावर त्यांनी आपल्या काजींना कळवले की, वाद घेऊन आलेल्यांना, विशेषतः नातलगांना, आधी परत पाठवावे आणि आपसांत समेट करू द्यावा, कारण निकालाने वाद संपला तरी मनात वैर उरते. मात्र ज्या समेटाने हराम हलाल ठरेल किंवा हलाल हराम ठरेल, तो समेट त्यांनी अमान्य ठरवला. ही अट महत्त्वाची आहे. गावकीच्या किंवा जमातीच्या बैठकीत दुबळ्याला गप्प बसवून मिटवलेल्या प्रकरणाला समेट म्हणत नाहीत.

हिजरी १३, म्हणजे इसवी सन ६३४ मध्ये ते खलीफा झाले. दहा वर्षांत इराक, शाम, मिस्र ही राज्ये इस्लामी सत्तेखाली आली. त्या लढायांचा इतिहास वेगळा आहे. आपल्याला पाहायचे आहे ते हे की तंबूत राहणारी, गाव न पाहिलेली हजारो कुटुंबे एकाएकी शहरवासी झाली. बसरा, कूफा, फुस्तात ही नवी शहरे उभी राहिली. कूफ्यातील पहिली घरे बोरूची होती. ती आगीत जळाली तेव्हा विटांनी बांधण्याची परवानगी खलीफांकडे मागण्यात आली. ती देताना त्यांनी बजावले की कोणी तीनपेक्षा जास्त खोल्या बांधू नयेत आणि उंचीची चढाओढ करू नये. मोठे रस्ते ४० हात, त्याखालचे ३० आणि २० हात, गल्ली ७ हात, अशी मापे ठरली. मध्यभागी मशीद आखली गेली. बाजारासाठी नियम मशिदीचाच होता : जो आधी येऊन बसेल, तो उठेपर्यंत ती जागा त्याची. ज्यांना रोज सकाळी पाटी घेऊन जागेसाठी धडपडावे लागते, त्यांना या नियमाचे मोल अधिक सांगण्याची गरज नाही.

त्याच कूफ्यात सेनापती हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांनी आपल्या वाड्याला दार बसवले, कारण शेजारच्या बाजाराचा गोंगाट असह्य होता. मदीनेत खबर पोहोचली की आता साद यांच्यापर्यंत लोकांची फिर्याद पोहोचत नाही. हजरत उमर (रजि.) यांनी मुहम्मद बिन मस्लमा (रजि.) यांना पाठवले, ते गेले, लाकडे विकत घेतली आणि ते दार जाळून टाकले. साद (रजि.) यांच्या तोंडी जे शब्द घालण्यात आले होते ते त्यांनी उच्चारले नव्हते, हे खलीफांनी नंतर मान्य केले. पण दार जळाले ते जळालेच.

आता गस्तीकडे येऊ. मदीनेत रात्री खलीफा स्वतः फिरत. एका रात्री व्यापाऱ्यांचा काफिला ईदगाहच्या मैदानावर उतरला होता. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना सोबत घेऊन हजरत उमर (रजि.) त्यांच्या मालाची राखण करायला गेले. दोघे नमाज पढत जागत राहिले. एका बाळाचे रडणे ऐकू आले. त्यांनी जाऊन आईला बाळाकडे लक्ष देण्यास सांगितले. थोड्या वेळाने पुन्हा रडणे, पुन्हा तीच सूचना. पहाटेच्या सुमारास तिसऱ्यांदा ते गेले, तेव्हा बोलणे जरा कडक झाले. समोर कोण उभे आहे हे त्या माउलीला ठाऊक नव्हते. वैतागून तिने सांगितले की ती बाळाचे दूध वेळेआधी तोडत आहे, कारण उमर यांच्या दफ्तरातून वजीफा मिळतो तो फक्त दूध सुटलेल्या मुलांना.

वाचकहो, येथे थांबून पाहा. चोरापासून माल राखायला गेलेल्या पहारेकऱ्याला त्या रात्री चोर सापडला नाही. सापडला तो स्वतःच्याच कायद्यातील दोष. त्या दिवशी फजरच्या नमाजमध्ये रडण्यामुळे त्यांची किरअत लोकांना नीट कळेना. सलाम फेरल्यावर, आपल्या नियमापायी मुसलमानांची किती मुले दगावली असतील, असा आक्रोश त्यांनी केला आणि लगेच दवंडी पिटवली : मुलांचे दूध घाईने तोडू नका, जन्माला आलेल्या प्रत्येक मुलाला वजीफा मिळेल. तोच हुकूम सर्व प्रांतांना लिहून गेला. नवजात बाळासाठी १०० दिरहम ठरले. रात्री पाहिलेले सकाळी दफ्तरात उतरले. या गस्तीचे खरे वैशिष्ट्य मला येथे दिसते, आणि आपण नेमके तेवढेच गाळून गोष्ट सांगतो.

हर्रा वाकिमपलीकडच्या सिरार येथील स्त्रीची गोष्टही हीच दिशा दाखवते. चुलीवर हंडा चढलेला, भोवती भुकेली मुले रडत आहेत. आपले वक्ते हंड्यात दगड शिजवतात. तबरी यांच्या रिवायतीत फक्त पाणी आहे, आणि माझ्या मते ते दगडांपेक्षा जास्त काळीज पिळवटणारे आहे. ती स्त्रीही खलीफांना ओळखत नव्हती. उमर यांनी राज्य हाती घ्यावे आणि आमची खबर ठेवू नये, ही तिची तक्रार होती. खलीफांनी ती ऐकली आणि धावत पिठाच्या घराकडे गेले. सेवक अस्लम यांनी पोते उचलायची तयारी दाखवली, तर कियामतच्या दिवशी माझे ओझे कोण उचलणार, असे विचारून त्यांनी ते स्वतःच्याच पाठीवर घेतले. चूल फुंकताना धूर त्यांच्या दाढीतून निघत होता. मुले जेवली, खेळली, झोपली, तोवर ते तेथून हलले नाहीत.

गस्त म्हटले की दुसऱ्यांच्या घरात डोकावण्याचा मोह येतो. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनीच सांगितलेली आणखी एक रात्र आहे. एका घरात दिवा जळत होता, आतून मोठमोठ्याने आवाज येत होते. हजरत उमर (रजि.) यांनी घर ओळखले, आत मद्यपान चालले आहे हेही ताडले. काय करावे, असे त्यांनी सोबत्याला विचारले. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी आठवण करून दिली की सूरह हुजुरातमध्ये अल्लाहने हेरगिरीला मनाई केली आहे आणि आपण आत्ता तेच करून बसलो आहोत. हजरत उमर (रजि.) त्यांना तसेच सोडून मागे फिरले. ज्यांच्या दराऱ्याने लोक चळाचळा कापत, ते खलीफा एका आयतीसमोर उंबऱ्याबाहेरूनच परतले. आमच्या मोहल्ल्यांत सुधारणेच्या नावाखाली दुसऱ्यांच्या मुलामुलींचे मोबाइल तपासणाऱ्या, कोण कोणाबरोबर दिसले याची चित्रफीत फिरवणाऱ्या उत्साही मंडळींनी ही रिवायत एकदा शांतपणे वाचावी. भुकेची चौकशी करणे आणि पापाची टेहळणी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी खलीफा रात्ररात्र जागले, दुसऱ्यापासून परतले.

या सर्वांना आधार होता तो दीवान नावाच्या नोंदवहीचा. कबिल्याकबिल्याने, घराघराने नावे लिहिलेली होती. प्रत्येक गटावर एक अरीफ असे. आपल्या गटात कोण जन्मले, कोण वारले, कोणाची स्थिती काय, हे त्याला माहीत असे. बनू सुलैमच्या अबू जमीला नावाच्या माणसाला टाकून दिलेले एक तान्हे मूल सापडले. तो ते घेऊन खलीफांकडे आला. त्यांना आधी शंका आली. तेव्हा त्या माणसाच्या अरीफाने ग्वाही दिली की हा नेक माणूस आहे. ग्वाही मिळताच निर्णय झाला : मूल स्वतंत्र आहे, ते अबू जमीलानेच वाढवावे, खर्च बैतुलमाल देईल. बेवारस मुलासाठी मोठी इमारत उभी करावी लागली नाही. ओळखीची ग्वाही, एक घर आणि तिजोरीतील नियमित रक्कम पुरली. आपल्या मशिदीच्या पायऱ्यांवर रात्री कोण झोपते, याची नोंद आपल्या कमिटीच्या वहीत आहे का? पंख्याच्या देणगीदाराची असते.

हिजरी १८ मध्ये या व्यवस्थेची खरी कसोटी लागली. पाऊस पडला नाही. वारा राखेसारखी माती उडवी, म्हणून त्या वर्षाचे नाव आमुर्रमादा, राखेचे वर्ष, असे पडले. नऊ महिने हा दुष्काळ चालला. वाळवंटातील कबिले जगण्यासाठी मदीनेकडे आले आणि शहराभोवती पसरले. हजरत उमर (रजि.) यांनी वेशी बंद केल्या नाहीत. शहराच्या वेगवेगळ्या बाजूंवर त्यांनी माणसे नेमली. आपल्या बाजूला उतरलेल्यांची काळजी त्यांनी घ्यायची आणि रोज संध्याकाळी खलीफांकडे जमून दिवसभराचे सर्व सांगायचे. पहाटेपूर्वीच मोठमोठे हंडे चढत. शाममधून हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी ४००० उंटांवर धान्य लादून आणले. एका रात्री मोजणी करण्यात आली : पंक्तीला येणारे ७००० निघाले. मग त्यांनी न येणाऱ्यांची, म्हणजे आजारी, मुले, घरात अडकलेल्यांचीही मोजणी करायला लावली. ते ४०००० भरले. काही दिवसांनी हे आकडे १०००० आणि ५०००० वर गेले. जे रांगेत आले नाहीत त्यांना मोजणे, ही खलीफांची दूरदृष्टी. आपण वाटप करतो तेव्हा रांग मोजतो.

त्या काळात त्यांनी तूप सोडले. तेल खाऊन त्यांचा उजळ वर्ण काळवंडला, पोट गुरगुरे. पण जे लोकांना मिळत नाही ते घरात शिजू द्यायचे नाही, हा निश्चय टिकला. जकातीची वसुली त्या वर्षी पुढे ढकलली आणि दुष्काळ सरल्यावर दोन वर्षांची मिळून घेतली. त्यातील एका वर्षाची तेथल्या तेथेच वाटून टाकण्यास सांगितले. चोरीची हद्दही त्या वर्षी रोखून धरली. हजरत अब्बास (रजि.) यांना पुढे करून त्यांनी पावसासाठी दुआ मागितली आणि पाऊस झाला. मग त्याच नेमलेल्या माणसांनी आपापल्या बाजूच्या कबिल्यांना वाटेचा शिधा आणि वाहने देऊन त्यांच्या माळरानांकडे रवाना केले. कोणालाही हुसकावून लावण्यात आले नाही.

चोरीबद्दलचा त्यांचा एक निवाडा इमाम मालिक (रह.) यांच्या मुअत्तामध्ये आहे. हातिब यांच्या गुलामांनी मुजैना कबिल्यातील एका माणसाची उंटीण चोरून कापली. हात तोडण्याचा हुकूम झाला होता, इतक्यात हजरत उमर (रजि.) यांना जाणवले की मालक या लोकांना उपाशी ठेवतो. शिक्षेचा रोख वळला. उंटिणीची किंमत ४०० दिरहम होती. मालकाने ८०० भरावेत असा निकाल लागला. चोरी कोणाच्या हातून झाली, याबरोबर ती कोणामुळे झाली, हेही न्यायालयाने विचारले. याच दृष्टीने त्यांनी एका दारात भीक मागणाऱ्या आंधळ्या, वृद्ध यहुदी माणसाची विचारपूस केली. जिझिया, गरज आणि वय या तिघांनी त्याला दारोदार आणले होते. त्याला घरी नेऊन जे होते ते दिले आणि नंतर बैतुलमालच्या खजिनदाराला कळवले की याच्यासह अशा सर्वांचा जिझिया माफ करावा. एका म्हाताऱ्याच्या हाताला धरून ते निघाले आणि त्याच्यासारख्या सर्वांपर्यंत पोहोचले.

अखेरच्या दिवसांतही हीच चौकशी चालू होती. हिजरी २३ मध्ये, शहादतीच्या काही दिवस आधी, हजरत हुजैफा (रजि.) आणि हजरत उस्मान बिन हुनैफ (रजि.) यांना थांबवून त्यांनी विचारले की इराकच्या जमिनीवर तुम्ही तिच्या ताकदीपेक्षा जास्त कर तर बसवला नाही ना? समाधान झाल्यावर त्यांनी इच्छा व्यक्त केली की अल्लाहने आयुष्य दिले तर इराकच्या विधवांना आपल्यामागे कोणापुढे हात पसरावा लागणार नाही, असे करून जाईन. चौथ्या दिवशी फजरच्या नमाजमध्ये अबू लुलूने त्यांच्यावर वार केले. जखमी अवस्थेत त्यांनी केलेल्या वसीयतीत मुहाजिर, अन्सार, शहरांतील लोक आणि वाळवंटातील अरब यांच्याबरोबर जिम्मींचाही उल्लेख होता : त्यांना दिलेला शब्द पाळावा, ताकदीपलीकडचे ओझे त्यांच्यावर टाकू नये.

मग त्यांनी पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांना आपल्या कर्जाचा हिशेब करायला सांगितले. तो सुमारे ८६००० दिरहम भरला. आधी उमरच्या कुटुंबाच्या मालमत्तेतून फेडा, पुरले नाही तर बनू अदीकडे मागा, तेही पुरले नाही तर कुरैशकडे. त्यापलीकडे कोणाकडे जाऊ नका, असे त्यांनी बजावले. बैतुलमालचे नाव त्या यादीत नव्हते. मशिदीजवळचे त्यांचे घर या कर्जापायी विकले गेले. मदीनेचे लोक त्याला पुढे दारुल-कजा म्हणू लागले. आपल्याला वाटते तसा त्या नावातील कजाचा संबंध काजीच्या निवाड्याशी नाही. तो कर्जाच्या फेडीशी आहे.